वीजदर नेमकं कोण ठरवतं?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या ग्राहकांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवडणूक आली की या तिन्ही शहरांत वीजबिलाचा विषय प्रचारात येतो. कुणी दर कमी करून देण्याचा शब्द देतो, कुणी वाढलेल्या बिलाचं खापर समोरच्या पक्षावर फोडतो. उल्हासनगरच्या कॅम्पातला दुकानदार, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला लघुउद्योजक आणि बदलापूरच्या कात्रप-मांजर्लीतलं नोकरदार कुटुंब यांच्या हाती मात्र महिन्याच्या शेवटी तेच बिल पडतं. या प्रचारात जे सांगितलं जातं त्यातलं बरंच चुकीचं असतं आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो. ज्याच्या हातात दर नाहीत त्याच्याकडे आपण दर मागतो. ज्याच्या हातात ते आहेत, त्याच्यासमोर मात्र आपण कधी उभेच राहत नाही. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : वीजदर मंत्री किंवा आमदार ठरवतात.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातले वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. हा आयोग ५ ऑगस्ट १९९९ रोजी स्थापन झाला. आज त्याचे अधिकार २००३ च्या विद्युत कायद्यातून येतात. कलम ६२ प्रमाणे दरनिश्चिती हे आयोगाचं काम आहे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत किंवा विधानसभेत त्यावर मतदान होत नाही.

आपल्या भागाचंच पाहा. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहेत आणि ते कल्याण लोकसभेत येतात. बदलापूर मुरबाड विधानसभेत आणि भिवंडी लोकसभेत आहे. लोकलच्या चारपाच स्थानकांच्या अंतरात तीन आमदार आणि दोन खासदार, पण दरपत्रकावर यांपैकी एकाचीही सही लागत नाही.

सरकारला याबाबत काहीच म्हणता येत नाही, असं मात्र नाही. कलम १०८ नुसार जनहिताच्या धोरणात्मक बाबींवर राज्य सरकार आयोगाला लेखी निर्देश देऊ शकतं. मात्र धोरणाचा निर्देश देणं आणि युनिटचा दर लिहून देणं यांत मोठा फरक आहे.

गैरसमज २ : मग महावितरणच मनाला येईल तसे दर लावतं.

वस्तुस्थिती : ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाचं विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. महावितरण दरांचा प्रस्ताव मांडतं. किती वीज घ्यावी लागेल, ती कितीला पडेल, गळती किती, पगार व कर्जावर किती खर्च होईल, हा सगळा हिशेब याचिकेच्या रूपात आयोगापुढे जातो. आयोग तो तपासतो, लोकांच्या हरकती ऐकतो, काही खर्च मान्य करतो, काही नाकारतो आणि मग आदेश काढतो. बिलात महिन्यागणिक बदलणारा इंधन समायोजन आकारसुद्धा आयोगाने घालून दिलेल्या सूत्रानेच काढावा लागतो.

शेजारच्या भिवंडीत २००७ पासून आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात २०२० पासून वीजवितरणाचं काम टोरंट पॉवर ही कंपनी फ्रँचायझी म्हणून करते. ‘खासगी कंपनी आली की ती स्वतःचे दर लावते’ ही भीती तिथूनच आपल्याकडे आली. पण फ्रँचायझीला स्वतःचा दर ठरवण्याचा अधिकार नसतो. महावितरणसाठी आयोगाने मंजूर केलेलं दरपत्रकच तिथे लागू होतं.

गैरसमज ३ : आयोगाचे सदस्य कुठल्यातरी पक्षाचे, निवडून आलेले लोक असतात.

वस्तुस्थिती : आयोगात अध्यक्षासह तीन जण असतात आणि तिघांचीही नेमणूक होते. नावं सुचवणाऱ्या निवड समितीचं अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी राहिलेल्या व्यक्तीकडे असतं. राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय पातळीवरच्या वीज प्राधिकरणाचे किंवा आयोगाचे अध्यक्ष हे बाकीचे सदस्य. समिती प्रत्येक रिक्त जागेसाठी दोन नावं देते आणि त्यांतून सरकार एक निवडतं. अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन यांची जाण ही पात्रता आहे. आयोगात कायदा क्षेत्रातली किमान एक व्यक्ती असलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

मुदत पाच वर्षं किंवा वयाची पासष्टी, यांतलं जे आधी येईल ते. त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. पदावर असताना दुसरं कुठलंही पद घेता येत नाही. पद सोडल्यावर दोन वर्षं व्यापारी नोकरी करता येत नाही आणि कुठल्याही वीज आयोगापुढे कुणाची बाजूही मांडता येत नाही. गैरवर्तनासारख्या कारणावरून काढायचं तर विद्युत अपील न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांकडून चौकशी व्हावी लागते. एखादा आदेश आवडला नाही म्हणून मंत्री सदस्याला घरी पाठवू शकत नाही.

गैरसमज ४ : हे पद म्हणजे राजकारणाची पायरी.

वस्तुस्थिती : अमेरिकेत तसं आहे, आपल्याकडे नाही. तिथल्या सुमारे दहा राज्यांत वीज, गॅस, दूरध्वनी यांचे दर ठरवणारे आयुक्त थेट मतदानाने निवडले जातात आणि त्या पदावरून मोठी राजकीय कारकीर्द घडू शकते. लुईझियानात ह्युई लाँग १९१८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, रेल्वे आयोगावर निवडून आला. हाच आयोग पुढे लोकसेवा आयोग झाला. टेलिफोन कंपनीला वाढीव दराचे पैसे ग्राहकांना परत करायला लावून लाँगने नाव कमावलं. १९२८ मध्ये तो गव्हर्नर झाला आणि १९३२ मध्ये सिनेटर. त्याच राज्याच्या पहिल्या महिला गव्हर्नर कॅथलीन ब्लँको याही आधी याच आयोगावर होत्या. नॉर्थ डकोटाचे केविन क्रेमर आयोगावरून आधी प्रतिनिधिगृहात आणि नंतर सिनेटमध्ये गेले.

महाराष्ट्रातला प्रवास उलटा आहे. इथे आयोगावर येणाऱ्यांची मोठी कारकीर्द बहुधा आधीच होऊन गेलेली असते. आनंद कुलकर्णी आणि संजय कुमार हे अलीकडचे अध्यक्ष भारतीय प्रशासन सेवेतले. संजय कुमार तर राज्याचे मुख्य सचिव होते. त्याआधी अध्यक्ष राहिलेले प्रमोद देव २००८ मध्ये केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष झाले, म्हणजे त्यांची पुढची पायरीही नियामकाचीच होती. आपल्याकडे प्रश्न आहे तो वेगळा. ज्या प्रशासनाने सरकारी वीजकंपन्या चालवल्या, त्याच प्रशासनातून निवृत्त झालेली माणसं त्या कंपन्यांचा हिशेब तपासायला बसतात. ते प्रामाणिकपणे काम करत असतील, तरी ग्राहकाने डोळ्यांत तेल घालून पाहावं अशीच ही रचना आहे.

गैरसमज ५ : आपणही आयुक्त मतदानाने निवडले, तर दर आपोआप खाली येतील.

वस्तुस्थिती : निवडणुकीने दर खाली येतातच, असं अमेरिकेच्या अनुभवावरून म्हणता येत नाही. जॉर्जियात पाचही आयुक्त निवडून येतात. तरीही तिथल्या व्होग्टल अणुवीज प्रकल्पाचा खर्च तीस अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला आणि त्याचा भार ग्राहकांच्या बिलात आला. लोकांचा राग नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात दिसला. सत्ताधारी पक्षाचे दोन आयुक्त हरले आणि अॅलिशिया जॉन्सन व पीटर हबर्ड निवडून आले. राग व्यक्त झाला, पण प्रकल्पाचा खर्च त्याआधीच बिलात बसला होता.

अॅरिझोनाचा अनुभव याहून कडू आहे. २०१४ मध्ये आयोगाच्या निवडणुकीत पडद्याआडून पैसे खर्च केल्याची कबुली तिथल्या सर्वांत मोठ्या वीजकंपनीच्या मालक कंपनीने २०१९ मध्ये दिली. ज्याच्यावर लगाम ठेवायचा तोच निवडणुकीचा खर्च उचलणार असेल, तर तो लगाम सैल पडणारच. निवडणूक झाली की मतदाराला शिक्षा देण्याची ताकद मिळते आणि नेमणूक झाली की तज्ज्ञाला दबावाशिवाय हिशेब तपासता येतो. दोन्हींत फायदा आहे, दोन्हींत धोकाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे आदेश निघण्याआधी ग्राहकाने तिथे हजर असणं.

गैरसमज ६ : मग आमदार-खासदारांना विचारून उपयोगच नाही.

वस्तुस्थिती : उपयोग आहे, फक्त प्रश्न नेमका विचारायला हवा. आपल्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या रकमा आयोगाच्या आदेशावरून येतात. त्यांच्या खाली ‘वीज शुल्क’ अशी ओळ असते. हा राज्य सरकारचा कर आहे आणि घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के पडतो. तो कायद्याने लागतो आणि कायदा विधिमंडळ करतं. तेव्हा या ओळीबद्दल आमदाराला जरूर विचारावं.

सवलतींचंही तसंच आहे. एखाद्या गटाला स्वस्त किंवा मोफत वीज द्यायची असेल, तर कलम ६५ प्रमाणे सरकारने ती रक्कम आगाऊ भरावी लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते ती याच वाटेने, सरकारी तिजोरीतून. यंत्रमागाची सवलतही तशीच. ‘दर कमी करतो’ असं उमेदवार म्हणाला, तर त्याला विचारावं की पैसे कुठून देणार आणि अर्थसंकल्पात तरतूद कधी करणार. महावितरण ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. तिचा कारभार, गळती, रोहित्रांची देखभाल यांबद्दल ऊर्जामंत्र्यांना सभागृहात धारेवर धरणं हे लोकप्रतिनिधीचंच काम आहे.

गैरसमज ७ : पाण्याचंही असंच असणार, कुठलातरी आयोग दर ठरवत असेल.

वस्तुस्थिती : पाण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती शहरागणिक बदलते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरण-नदीतून उचलल्या जाणाऱ्या ठोक पाण्याचे दर ठरवतं. त्याचेही सदस्य नेमलेलेच असतात. मात्र घरच्या नळाचा दर या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही. उल्हासनगरचा स्वतःचा मोठा जलस्रोत नाही. महापालिका एमआयडीसीकडून पाणी विकत घेते आणि पाणीपट्टी स्वतः वसूल करते. त्यामुळे तिथे नगरसेवकाला पाणीपट्टीचा जाब विचारता येतो. अंबरनाथ आणि बदलापुरात नळाचं बिल येतं ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून आणि ही राज्य सरकारची संस्था आहे. तिथे नगर परिषदेच्या सभेत पाण्याच्या दरावरून कितीही वाद झाला, तरी दर बदलण्याचा अधिकार त्या सभेकडे नाही. तो प्रश्न मंत्रालयात, पाणीपुरवठा खात्याकडे न्यावा लागतो.

गैरसमज ८ : आयोगाचा आदेश निघाला की संपलं, सामान्य माणसाच्या हातात काही नाही.

वस्तुस्थिती : २०२५ मध्ये याच्या उलट घडलं. २८ मार्चला आयोगाने महावितरणच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश काढला. त्यात कपात होती. हिशेबात चुका आहेत असं म्हणत महावितरणने हरकत घेतली आणि २ एप्रिलला आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा नवा आदेश आला आणि नवे दर १ जुलैपासून लागू झाले. फेरविचार करताना ग्राहकांना पुन्हा नीट ऐकलं गेलं नाही, असा आक्षेप संघटनांनी घेतला आणि वाद न्यायालयात गेला. कंपनी पाच दिवसांत आदेश थांबवू शकते, तर ग्राहकालाही बोलण्याची जागा आहे.

ती जागा कायद्यानेच दिलेली आहे. दरप्रस्तावाची जाहिरात वर्तमानपत्रांत येते आणि कुणीही लेखी हरकत नोंदवू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. मग जनसुनावणी होते. आपल्याला सर्वांत सोयीची सुनावणी नवी मुंबईची. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास या संस्था आयोगापुढे ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून बाजू मांडत आल्या आहेत. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनाही वर्षानुवर्षं तिथे आकड्यांनिशी भांडते आहे. आदेश पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं.

आपल्याच बिलाची तक्रार असेल, म्हणजे चुकीचं रीडिंग, अवाजवी सरासरी बिल किंवा वीजजोडणीतला उशीर, तर त्यासाठी आयोगाकडे किंवा नेत्याच्या कार्यालयात जायची गरज नाही. आधी महावितरणच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर कल्याणच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. मंचाचा निर्णयही अन्यायाचा वाटला तर साठ दिवसांत मुंबईच्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

आता काय करायला हवं?

आपल्या वीजदरांवर आपण थेट मत देत नाही, हे खरं आहे. म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून हा प्रश्न सुटणारा नाही. पुढची दरवाढीची जाहिरात आली की उल्हासनगरच्या व्यापारी संघटनांनी, अंबरनाथच्या उद्योजकांनी आणि बदलापूरच्या गृहनिर्माण संस्थांनी आपापली बिलं काढून मुदतीत हरकत लिहावी, सुनावणीला माणूस पाठवावा. उमेदवार दारात आला की त्याला वीज शुल्क, सवलतीची तरतूद आणि महावितरणची गळती हे तीन प्रश्न विचारावेत. दर कोण ठरवतं हे ज्याला ठाऊक आहे, त्या मतदाराला पोकळ आश्वासन देता येत नाही आणि त्या ग्राहकाला डावलून आदेशही सहज काढता येत नाही.