स्कॉटलंडचे पिल्लू आणि वाशिमचा मे महिना

मुलांचा हट्ट, शेजारच्यांचे कौतुक, जाहिरातीतले गोजिरवाणे चित्र अशी कारणे साठत जातात आणि एके दिवशी अकोला किंवा नागपूरहून टोपलीतून एक सोनेरी पाहुणा घरी येतो. गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू पाहून न विरघळणारा माणूस विरळाच. पण वाशिम, कारंजा, रिसोडकडच्या घरात ते आणायचे, तर आधी त्याचे मूळ गाव कोणते ते पाहिले पाहिजे.

ही जात स्कॉटलंडची. लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या उमरावाने १८६८ साली आपल्या ‘नूस’ या पिवळ्या कुत्र्याची ‘बेल’ नावाच्या पाणकुत्रीशी जोडी जमवली. त्यांना झालेल्या चार पिवळ्या पिल्लांपासून पुढचा वंश वाढला. शिकारीत पाडलेला पक्षी थंडगार पाण्यात उडी मारून आणायचा, तोही दात न लागू देता, हे त्याचे काम. त्यासाठी अंगावर केसांचे दोन थर : वरचे लांब, पाणी निथळवणारे, आतले दाट, ऊब धरणारे. अशा लोकरी कोटातल्या जिवाला आपण वऱ्हाडच्या उन्हात आणून बसवतो!

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो येतो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने भागत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा खरा पंखा. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेला की हा पंखा अपुरा पडतो. धाप थांबेनाशी झाली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर नळाचे साधे गार पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि तसेच डॉक्टरकडे न्यावे. उद्या बघू म्हणण्यात जीव जातो.

उन्हाळ्यात फिरवणे पहाटे आणि दिवेलागणीनंतरच. सिमेंटच्या रस्त्यावर आपल्या हाताचा उपडा तळवा काही क्षण टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवत नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर चांगले काम देतो, पण वीज गेली की तोही गप्प. म्हणून घरातली सर्वांत थंड फरशी त्याच्यासाठी मोकळी ठेवावी. ‘उकडते बिचाऱ्याला’ म्हणून केस मुळापासून भादरू नयेत. ते ऊनही अडवतात. रोज विंचरून गळलेले केस काढले की पुरे.

पिल्लू आणण्याचा मुहूर्त म्हणून मी पावसाळा सरल्यानंतरचा सांगेन. हिवाळ्यात लसी उरकतात आणि पहिला एप्रिल येईपर्यंत अंगात थोडी ताकद येते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. विकणारा घाई करू लागला तर तिथूनच परत फिरावे. आईजवळचा एखादा फडका मागून आणावा. पहिल्या रात्री रडणाऱ्या पिल्लाला त्या वासाचा फार आधार वाटतो.

कुत्रे पाहणारा डॉक्टर मात्र पिल्लाच्या आधी शोधावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी गाई-म्हशी-शेळ्यांची. अवघड दुखण्याला अकोल्याची पशुवैद्यक संस्था गाठावी लागते. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची. हे पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उलट्या आणि रक्ताळ, घाण वासाचे जुलाब ही त्याची खूण, आणि त्यात पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकते.

दुसरा शत्रू गोचीड. शेजारी गोठा असला की त्या आल्याच, आणि त्यांच्यापासून ताप येतो, अंगातले रक्त कमी होते. मात्र फवारणीचे किंवा गुरांचे औषध अंदाजाने पिल्लाला चोळू नये. गोचिडीबरोबर पिल्लूही मरेल.

खाण्याच्या बाबतीत आपले प्रेम उतू जाते. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट थोरच. पण ही जात मुळात खादाड आणि लठ्ठपणाकडे झुकणारी. नुसत्या दूधभाकरीवर पिल्लाचे पोषण होत नाही. पिल्लांसाठीचे तयार खाद्य, उकडलेले अंडे, बिनहाडाचे कोंबडीचे मांस, असे दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. वऱ्हाडी रस्सा नको; त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. मनुका आणि चॉकलेटही तसेच.

चप्पल पळवणे हा गुन्हा नव्हे, तो खानदानी व्यवसाय आहे! साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येऊ लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. मारण्याऐवजी चघळायला जाड दोरीची गाठ द्यावी. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच अंगणात नेले की घर घाण करण्याची सवय काही आठवड्यांत मोडते. राखणदार म्हणून आणले असेल, तर निराशा ठरलेली. चोर आला तरी हा शेपूट हलवून त्याचे स्वागत करील. घर दिवसभर कुलूपबंद असते त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. एकटेपणा याला सोसत नाही. गल्लीतले एखादे गावठी पिल्लू आपल्या उन्हाला अधिक सरावलेले असते, आणि लळा लावण्यात तेही तसूभर कमी नसते.

तरीही हेच हवे असेल, तर बसून कामे वाटून घ्यावीत. ‘मी फिरवीन’ म्हणणारी मुले परीक्षा आली की पांगतात आणि सारे आईवर येते. दहा-बारा वर्षांचा हा संसार. दहावीतला मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही कुत्रा घरातच असेल. आणि मे महिन्यात लग्नसराई, आजोळ, देवदर्शन सारे एकदमच येते. त्या आठ दिवसांत कूलरमध्ये पाणी कोण भरणार, पहाटे पाचला साखळी कोणाच्या हातात असणार, हे पिल्लू आणण्यापूर्वीच शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवावी.