नागपूरच्या खिडकीतली गुणी पेटी

मार्च उजाडला की नागपुरात खिडक्यांबाहेर पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. कूलर स्टँडवर चढवायचा, ताट्यांत नवी खस भरायची, पंप चालवून पाहायचा, की घर उन्हाळ्याला तयार. घरोघरी होणारं हे काम इतकं सवयीचं आहे की या पेटीची रचना न्याहाळायचं कुणाच्या मनात येत नाही. ती न्याहाळण्याजोगी नक्कीच आहे.

मुळात ही वाळ्याची ताटी. मुघल काळापासून उन्हाळ्यात दारांवर वाळ्याचे पडदे सोडत आणि त्यांवर पाणी शिंपडत. कूलरने शिंपडणाऱ्याचं काम पंपाकडे आणि वाऱ्याचं काम पंख्याकडे सोपवलं. तळाच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो. वरच्या पन्हळीच्या बारीक भोकांतून ते तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर झिरपतं आणि उरलेलं आपल्या वजनानेच परत टाकीत येतं. पंखा हवा ओढतो ती या ओल्या ताट्यांतूनच. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, आणि घरात गार झुळूक येते.

हे गणित नागपूरच्या कोरड्या उन्हात चोख जमतं. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कडक उन्हाच्या अशा दिवसांत हवेत ओलावा जवळपास नसतोच, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. दमट मुंबईत हाच कूलर हतबल ठरतो.

त्याच्या बांधणीत लपवाछपवी नाही. ताट्या हुकावरून उचलल्या की सगळं यंत्र समोर. पंप बिघडला तर तेवढाच बदलायचा, पत्रा गंजला तर रंग मारायचा, खस कुजली तर नवी भरायची. गल्लीतला मेकॅनिक अर्ध्या तासात हे काम मार्गी लावतो.

वास्तुकार पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात चंदिगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी आखलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्यांनाही कूलरसारखंच हवामानाचं भान होतं. विणलेल्या वेतातून पाठीला वारा लागे. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि मग परदेशी लिलावांत लाखोंच्या बोलीने विकल्या गेल्या. नागपूरचा पत्र्याचा कूलर मात्र कुणा एका नामवंताने आखलेला नाही. छोट्या कारखान्यांतल्या कारागिरांच्या हातांखाली तो सुधारत गेला. म्हणूनच त्याचे आकार, झडपा, ताट्यांच्या चौकटी यांची चित्रं आणि मापं कुणीतरी नीट नोंदवून ठेवायला हवीत.

नव्या फ्लॅटमध्ये त्याची गैरसोय होते. खिडकीबाहेर जागा नसल्याने प्लास्टिकचा कूलर खोलीतच ठेवतात, दारं बंद करतात, आणि तासाभरात अंग चिकट होतं. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि समोरची खिडकी थोडी उघडी लागते, म्हणजे दमट हवा निघून जाते. नागपुरात घरं बांधणाऱ्यांनी नकाशातच खिडकीबाहेर मजबूत ब्रॅकेट, जवळ नळ आणि विजेचा पॉइंट दाखवावा. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी तेवढी जागा आज आवर्जून सोडली जातेच.