हुकूम चालत नाही तिथे

ऐन लावणीत मासिक सभा आली की आशाताई मळ्यातला चिखल धुऊन थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठतात. हेदवीच्या अशा एका सभेला मागच्या बाकावर बसायला मिळालं. दशभुजा गणपती आणि बामणघळ बघून परतणाऱ्यांना या खोलीचा पत्ताही नसतो. नोंदवह्या घेऊन बसलेल्या आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, गटप्रवर्तक. आणि टेबलामागे वैद्यकीय अधिकारी.

डोंगराळ भागात २०,००० लोकांमागे एक आरोग्य केंद्र, ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी हिशेब. पण इथे गुहागर तालुक्यात माणसं वाड्यावाड्यांत विखुरलेली, आणि वाडीगणिक विहीर वेगळी.

पाण्याचा विषय निघाला तसा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीचा खरा पेच दिसला. विहीर ग्रामपंचायतीची, ब्लीचिंग पावडर घ्यायची तिने आणि टाकायची जलसुरक्षकाने. आरोग्यसेवकाने ओटी टेस्ट करायची: नळीत पाणी, औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. वर्षातून दोनदा सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देता येतं. पावडर मात्र टाकायला लावता येत नाही, कारण सरपंच डॉक्टरांचा ताबेदार नव्हे. साथ आली की जाब मात्र डॉक्टरांनाच!

एका विहिरीच्या पाण्याला रंग आला नव्हता. डॉक्टरांनी पत्र काढलं नाही, तिथूनच फोन लावला. "सरपंच, उद्या सकाळी आमचा माणूस विहिरीवर येतोय. तुम्हीही या, रंग तुम्हीच बघा." एवढंच. हे एमबीबीएसला शिकवत नाहीत, आणि नेतृत्वाच्या प्रशिक्षणात पडद्यावर कितीही बाण काढले तरी ते तिथे येतंच असं नाही.

मग लेप्टोस्पायरोसिसचा विषय. चिखलात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन द्यायचं असतं. तक्त्यात गोळ्यांचं वाटप पूर्ण होतं. डॉक्टरांनी विचारलं, "वाटल्या ते कळलं. खाल्ल्या किती?"

सगळे वह्या चाळायला लागले. मागून एक आशाताई म्हणाली, "सर, सकाळी घरी दिली की बाया उपाशीपोटी घेतात. मळमळतं. पुढच्या आठवड्याला मग गोळी फडताळातच राहते. न्याहारी बांधावर होते, तिथंच द्यायला हवी."

या बाईला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सभेतली सर्वांत कामाची गोष्ट तिने सांगितली आणि डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे मानली: गोळ्या बांधावर, न्याहारीनंतर, आपल्यासमोर, गरोदर बायका वगळून. मला विचाराल तर त्या दिवशीचं नेतृत्व "खाल्ल्या किती?" या प्रश्नात होतं.

उठता उठता गणपतीच्या सणाची गोष्ट निघाली. चाकरमानी उतरले की वाड्या भरतात, उपसा वाढतो, पावडर जास्त वेळा टाकावी लागते. तेव्हा आरोग्यसेवकांनी विहिरीनिहाय हिशेब मांडून आणायचा आणि तो घेऊन डॉक्टरांनी स्वतः ग्रामपंचायतीत जायचं, असं ठरलं.