इंग्रजीच्या चुका: ऐकीव आणि खऱ्या

परभणीच्या कृषी विद्यापीठात पाथरी, सोनपेठ, पालम, जिंतूरकडच्या मराठी शाळांतून आलेली पुष्कळ मुलं असतात. पदवीचा अभ्यास इंग्रजीतून, आणि पुढे स्पर्धा परीक्षेत ‘वाक्यातली चूक ओळखा’ हा प्रश्न ठरलेला. त्यामुळे इंग्रजीच्या चुकांची चर्चा इथे भरपूर होते. पण तिच्यात ऐकीव भाग फार.

सगळ्यांत लाडका समज असा, की जुन्या लोकांचं इंग्रजी पक्कं होतं, आता बिघडलं. हा उसासा पुण्या-मुंबईकडचा, परभणीला तो लागू पडत नाही. १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं आणि कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. तेव्हा इथल्या शिकलेल्या आजोबांचं पक्कं असे ते उर्दू. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी पाचवीपर्यंत वाट पाहावी लागे.

चुका होतात त्या अभ्यास कमी पडतो म्हणून, हाही असाच एक समज. नीट पाहिलं तर यातल्या कितीतरी चुका अगदी नियमाने होतात. फक्त तो नियम मराठीचा असतो. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘दोन दिवसांपासून ताप आहे’, दोन्हीकडे आपलं एकच ‘पासून’ भागवतं. इंग्रजीत कामं वाटलेली आहेत: सुरुवात कधी झाली ते ‘सिन्स’ सांगतं, किती काळ ते ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’ बरोबर, ‘सिन्स टू डेज’ चूक. त्यात क्रियापदाची गोम वेगळीच. ‘मी दोन वर्षांपासून सेलूला राहतो’ म्हणायला मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. ‘आय लिव्ह इन सेलू सिन्स टू इयर्स’ या वाक्यात चुका दोन, पण मराठी दोन्ही ठिकाणी शाबूत आहे!

‘डिड नॉट वेन्ट’चंही तसंच. ‘गेलो नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेलो’मध्येच असतो. इंग्रजीत तो भार ‘डिड’ने उचललेला असतो, मग ‘गो’ला काही करावं लागत नाही. ‘काल मी अर्ज दिला आहे’ हे बोलण्यात खपून जातं. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ला जागा उरत नाही. ‘मला आठवतंय’चं ‘आय अ‍ॅम रिमेंबरिंग’ होतं, खरं तर ‘आय रिमेंबर’ एवढंच हवं. आणि विषया‘वर’ चर्चा करायच्या सवयीतून ‘डिस्कस अबाउट’ येतं. इंग्रजी माध्यमातली मुलंही ते सर्रास लिहितात, तेव्हा दोष एकट्या मराठी शाळेवर टाकू नये.

याच्या उलट, चूक नसलेल्या गोष्टींना लाल शाई लागते. वाक्य ‘अँड’ किंवा ‘बट’ने सुरू करायचं नाही, असा नियम इंग्रजी व्याकरणात नाही. वाक्याच्या शेवटी ‘टू’, ‘विथ’ असं शब्दयोगी अव्यय नको, ही तक्रार जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लिखाणाबद्दल केली होती. लॅटिनमध्ये तसं चालत नाही, इंग्रजीत आधीपासून चालत होतं आणि आजही चालतं. तरी नोट्समधून हा नियम काही हलत नाही.

आपल्याकडचं ते सगळं चूक, असंही नाही. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. ‘डू द नीडफुल’ हा साहेबाच्याच जुन्या पत्रव्यवहारातला शेरा. तिकडे तो मागे पडला, इथल्या कचेऱ्यांत टिकला. ‘कझिन ब्रदर’ला मात्र पेपरात गुण जातील. चुलत, मामे, आते, मावस असा हिशेब ठेवणाऱ्यांना नुसतं ‘कझिन’ अपुरं वाटणारच, पण पेपर तपासणाऱ्याला त्याचं काय?

वाक्प्रचारांबद्दल तर भलताच समज आहे: जितके जास्त घालाल तितकं इंग्रजी भारी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ पाठ नसलेला विद्यार्थी सापडणं कठीण. पण जोनाथन स्विफ्टने १७३८ साली गुळगुळीत संभाषणांची टर उडवणारं पुस्तक काढलं, त्यात हा मांजर-कुत्र्यांचा पाऊस आहे. म्हणजे तो तेव्हाच शिळा झाला होता. ‘इट्स पोअरिंग’ म्हटलं तरी छत्री उघडता येते. आणि वाक्प्रचार वापरायचाच तर जसाच्या तसा. ‘नाकी नऊ’चे ‘नाकी दहा’ आपण तरी कुठे खपवून घेतो?

खरी जपायची ती अर्थ बदलणारी चूक. नोकरीच्या अर्जात ‘आय पास्ड आउट फ्रॉम परभणी इन २०२२’ असं लिहिलेलं भारतात कुणालाही कळतं. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या दीक्षान्त संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात, तेही बरोबर. पण अर्ज अमेरिकेतल्या विद्यापीठाला जाणार असेल तर तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं, कारण तिकडे ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध पडला.