घारग्यांचा रविवार

आमच्या काचीगुड्याच्या घरी रविवारच्या चहाबरोबर भोपळ्याचे घारगे असत आणि त्या पाककृतीत माझा वाटा केवळ एका घावाचा असे. अख्खा भोपळा बाईने प्रथम चिरू नये, घरातील पुरुषाने फोडून द्यावा, हा आईने माहेराहून आणलेला रिवाज. एक घाव घालून मी खेळायला पळे. पुढचे सारे श्रम आईचे. पुढे मी बालरोगतज्ज्ञ झालो. रविवारी एखादे तापाचे मूल आले की घरी भोपळा माझी वाट पाहत तसाच पडून राही.

हैदराबादेत भोपळा मागणे हेही कौशल्याचे काम. येथील प्रसिद्ध ‘कद्दू की खीर’ दुधीची असते. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगतात तो कोहळा. आपला तांबडा भोपळा हवा असल्यास ‘गुम्मडिकाय’ म्हणून बोटाने दाखविलेला बरा.

घारग्यांची कृती सोपी. दोन वाट्या कीस तुपावर वाफवावा, एक वाटी गूळ विरघळवावा, वेलची व चिमूटभर मीठ घालावे. मिश्रण निवल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडी तांदळाची पिठी मिसळावी. पाण्याचा थेंबही नको. पीठ फार वेळ ठेवल्यास सैल पडते, म्हणून लगेच जाडसर थापून, खसखस लावून मध्यम आचेवर तळावे.

आता थोडे व्यवसायाविषयी. विद्यार्थिदशेत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांत बिटॉटचे ठिपके आलेली मुले मी पाहिली आहेत. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, जी १९५८ साली कुन्नूरहून येथे आली, या प्रश्नावर मोलाचे संशोधन केले. १९७० पासून मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तांबड्या भोपळ्यातील बीटा-कॅरोटिनपासून शरीर हेच जीवनसत्त्व तयार करते आणि सोबत स्निग्ध पदार्थ असला की ते अधिक चांगले शोषले जाते. आईने तुपावर परतलेला कीस शास्त्राला धरूनच होता! मात्र गूळही साखरच. दोन वर्षांखालील बाळाला नुसता शिजवलेला भोपळा तूप घालून द्यावा. लहानग्यांना चहा नको. त्यातील टॅनिन लोहाच्या शोषणात अडथळा आणते.

माझी कन्या ब्रिस्बेनला असते. तिच्या क्वीन्सलँड प्रांतात भोपळ्याचे स्कोन घरोघरी होतात. तेथील सिनेटर फ्लो ब्येल्के-पीटरसन या बाईंनी ते देशभर गाजविले. शिजवून कुस्करलेला भोपळा, लोणी, साखर, अंडे आणि बेकिंग पावडर घातलेला मैदा. भट्टीत २२० अंशांवर सुमारे पंधरा मिनिटे. म्हणजे न तळलेला घारगाच! गेल्या वर्षी ती फोनच्या पडद्यावर आजीला हे दाखवीत होती. अख्खा भोपळा समोर, हाती सुरी, आणि घरात ती एकटीच. मी आईकडे पाहिले. क्षणभर थांबून आई म्हणाली, “बोटं सांभाळ गं.”

पुढच्या रविवारी मी दवाखान्यातून परतलो, तो भोपळा आधीच चिरलेला. सुरी पत्नीच्या हाती होती. मी काही विचारण्यापूर्वीच आईने माझ्यापुढे किसणी सरकवली.

एका भोपळ्याचा कीस काढताना मनगट किती दुखते, हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी समजले. त्या दिवशीचे घारगे जरा कडक झाले. आईने दोन खाल्ले, चहा संपवला आणि म्हणाली, “पुढच्या वेळी कीस बारीक कर.”

वैद्यकबंधूंनो, पुढच्या रविवारची किसणी आपण हाती घ्यावी, एवढीच विनंती.