शर्यतीची मोटार : धुराच्या नळ्या, धातू आणि लेप

मोटारीच्या इंजिनात इंधन जळते, दट्ट्या ढकलला जातो आणि चाके फिरतात, एवढे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. परंतु जळून गेलेल्या वायूचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शर्यतीची मोटार बांधणारा कारागीर मात्र त्या वायूच्या वाटेवर आपले पुष्कळ कौशल्य खर्ची घालतो.

प्रत्येक सिलिंडरातून निघणारी एकेक नळी पुढे एका तोंडाशी येऊन मिळते. नळ्यांच्या या जुडग्यास ‘हेडर’ म्हणतात. झडप उघडताच नळीतून दाबाची लाट धावते आणि संगमापासून कमी दाबाची लाट उलट फिरते. ती नेमक्या क्षणी सिलिंडरापाशी पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून घेते व ताज्या मिश्रणास जागा होते. तो क्षण नळीच्या लांबीवर अवलंबून असतो. म्हणून शर्यतीच्या इंजिनासाठी हेडर मुद्दाम घडवून घेतात.

आता या नळ्या कशाच्या कराव्यात? साधे पोलाद स्वस्त, वाकविण्यास व जोडण्यास सोपे. पण लालबुंद तापले की त्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि दमट हवेत ते गंजते. ‘३०४’ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याचे रक्षण करतो. तथापि त्याचेही दोष आहेत. एक मीटर लांबीची साधी पोलादी नळी ६०० अंश सेल्सिअसने तापली तर सुमारे ८ मिलिमीटर वाढते. स्टेनलेसची सुमारे ११. वाढीस वाव न ठेवता ती जखडली, तर सांध्यापाशी तडा जातो. म्हणून एकीत एक सरकणारे सांधे ठेवतात. शिवाय जोडकामाजवळ क्रोमियम कार्बनशी संयोग पावून तेथील संरक्षण दुबळे होते. ‘३२१’ जातीत टायटॅनियमचा अंश घालून हा दोष टाळलेला असतो.

फॉर्म्युला वनच्या मोटारींत इन्कोनेल हा निकेलप्रधान मिश्रधातू वापरतात. तो पोलादाहून जड आहे. परंतु अतिशय उष्णतेतही त्याचे बळ टिकते, म्हणून नळीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ घेता येतो आणि एकंदर वजन घटते. मात्र तो महाग व घडविण्यास अवघड. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे सहा दशांशच. पण साधारण ६०० अंशांपलीकडे ते हवेतील ऑक्सिजन शोषून ठिसूळ होऊ लागते. इंजिनाला लागून असलेल्या नळीपेक्षा मागील थंड भागात ते शोभते. सुरी सोन्याची झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही!

लेपाची गोष्ट कल्हईसारखी आहे. कल्हईवाला प्रथम भांडे घासतो, तापवितो, नवसागर लावतो आणि मगच कथील फिरवितो. हेडरवरही सिरॅमिकचा लेप देण्यापूर्वी तेलकटपणा काढून पृष्ठभाग खरवडावा लागतो. नाहीतर लेप सुटतो. जोडकाम व बसवून पाहणे संपल्यावरच लेप द्यावा, कारण नंतर जोड दिल्यास तेथील लेप जळतो.

लेपाने नळीची उष्णता बाहेर कमी जाते. चालक, इंधनाच्या नळ्या व विजेच्या तारा यांस ती कमी बाधते. परंतु बाहेरून गुंडाळलेली वा लेपलेली नळी स्वतः अधिक तापते, हे विसरून चालत नाही. साध्या पोलादाभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, तर ओलही कोंडते आणि नळी लवकर झिजते. नळीच्या आतूनही लेप दिला, तर धातूचाच भार काहीसा हलका होतो.

तेव्हा काही मिनिटांच्या शर्यतीस लेप दिलेले साधे पोलाद पुरते; २४ तास धावणाऱ्या ल मांसारख्या शर्यतीस अधिक टिकाऊ धातू हवा. तडकलेल्या नळीतून निघालेली ज्वाळा इंधनाच्या नळीवर गेली, तर प्रश्न शर्यत हरण्याचा उरत नाही, प्राणांचा होतो. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस एवढेच सांगू इच्छितो की, ‘सर्वांत चांगला धातू कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोठे, किती उष्णतेत, किती वेळ आणि किती खर्चात, हे आधी विचारावे. मग उत्तर आपोआप जवळ येते.