तेलाने धूळ धरणारी गाळणी

सुरतेच्या दक्षिणेकडील उधना हा यंत्रमागांचा, लगतच्या पांडेसऱ्यातील रंगाई-छपाईच्या गिरण्यांचा आणि खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांचा भाग असून, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने त्याच्याशी थेट जोडलेली आहेत. येथील हवेत रस्त्याच्या धुळीबरोबर मागांवरून सुटणारे बारीक तंतूही तरंगत असतात आणि एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण ९,००० लिटर हवा लागत असल्यामुळे मोटारीच्या इंजिनाला ही हवा फार मोठ्या प्रमाणात ओढून घ्यावी लागते. त्यातील तंतू वाट अडवतात, तर धुळीतील सिलिकाचे कण सिलिंडरच्या लोखंडाहून कठीण असल्याने पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती झिजवतात. या दोहोंना बाहेर रोखण्याचे काम एअर फिल्टर करतो.

बहुतेक मोटारींमध्ये कागदी फिल्टर असतो व तो भरला की टाकून द्यावा लागतो. धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर मात्र सुती जाळीदार कापडाच्या, म्हणजे गॉजच्या, अनेक थरांचा असतो. हे थर तारेच्या जाळ्यांमध्ये चुण्या घालून बसवतात. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅक्डोनल्ड यांच्या नावांतील आद्याक्षरे धारण करणाऱ्या ‘के अँड एन’ या अमेरिकी कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला. कोरड्या गॉजची छिद्रे धुळीच्या मानाने बरीच मोठी असतात, परंतु धाग्यांभोवती वळणे घेत जाणाऱ्या हवेबरोबर जड कणांना तितक्या चपळाईने वळता येत नाही आणि ते धाग्यावर आदळतात. तेथे तेलाचा चिकट पापुद्रा असेल तरच ते अडकून राहतात. म्हणून धुतल्यानंतर तेल न लावलेला असा फिल्टर स्वच्छ दिसला तरी कामाचा नसतो.

उधन्यासारख्या ठिकाणी बाहेरच्या बाजूवर तंतूंचा करडा थर बसतो आणि तो पाणी लागण्यापूर्वीच मऊ ब्रशने काढणे इष्ट, कारण भिजलेले तंतू चुण्यांच्या तळाशी दबून बसतात. मग तेल सोडवणारे द्रावण फवारून ते मुरू द्यावे, पण वाळू देऊ नये; त्यानंतर नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर, म्हणजे हवेच्या प्रवासाच्या उलट दिशेने धुवावे, जेणेकरून घाण आली त्याच बाजूने निघून जाईल. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारण्याची सवय सर्रास आढळते, मात्र त्या जोराने गॉजचे धागे सरकतात व छिद्रे रुंदावतात.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. ओल्या सुतात तेल सारखे मुरत नाही आणि सुरतेच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे फिल्टर सावकाश वाळतो. त्यामुळे ज्याची गाडी रोज रस्त्यावर असते त्याने दुसरा फिल्टर जवळ ठेवून आळीपाळीने वापरणे शहाणपणाचे, आणि ते जमणार नसेल तर कागदी फिल्टरच बरा. बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

तेल त्याच फिल्टरसाठी बनवलेले हवे, इंजिन ऑइल नव्हे. प्रत्येक चुणीवर त्याची बारीक रेघ ओढून काही वेळ थांबावे. त्यातील लाल रंग पसरत जातो व जेथे कापड पांढरे राहते तेथेच थोडे आणखी द्यावे. जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसू शकते. ही तार ठरावीक तापमानावर ठेवण्यासाठी जितकी वीज लागते त्यावरून आत येणारी हवा मोजली जाते. तेलाचा व धुळीचा लेप बसला की मोजमाप चुकते, इंधनाचे प्रमाण बिघडते आणि गाडीचा पिकअप पडतो.

फिल्टर परत बसवताना त्याच्या पेटीची बैठक ओल्या फडक्याने पुसून कडेचा रबरी काठ सर्व बाजूंनी सपाट टेकला आहे ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण तेथे राहिलेल्या फटीतून न गाळलेली हवा थेट इंजिनात जाते.